कुत्रा जेवायला लागला म्हणून गोळ्या बंद?

बस इथे. ती पिशवी टेबलावर रिकामी कर. सगळी. काही लपवू नकोस.

बघ काय काय निघालं. डॉक्सिसायक्लीनच्या तीन स्ट्रिप. दोन कोऱ्या, तिसरीत एक गोळी शिल्लक. पोराच्या खोकल्याला आणलेल्या अँटिबायोटिक सिरपची तळाला थोडं औषध उरलेली बाटली. फिनाईल. आणि डॉक्टरांची चिठ्ठी, जिच्यावर ‘२८ दिवस’ या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा ओढल्यात. तुझी सगळी कर्मकहाणी या टेबलावर आहे. आता तोंडाने सांग, म्हणजे तुझ्याच कानांना ऐकू येईल.

मार्चमध्ये तुझा कुत्रा वाघ्या तापला. जेवण सोडलं. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडांची रांग. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एर्लिकिया निघाला. रोज एक गोळी, २८ दिवस. तू किती दिलीस? सहा. का थांबलास? ‘सर, तिसऱ्या दिवशी तो जेवायला लागला. पाचव्या दिवशी मोह वेचायला माझ्यापुढे पळत गेला.’

बस? कुत्रा पळाला एवढ्यावर तू उपचार बंद केलेस?

तू सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आहेस. याच हातांनी तू अगारच्या थाळीवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मोजलंस. वर्तुळ मोठं तर जंतू मरतो, वर्तुळच नाही तर जंतू औषधाला जुमानत नाही, हे जर्नलमध्ये तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. जंतू औषधाला कसे सरावतात यावर परीक्षेत दोन पानं लिहिलीस. मार्क मी दिले. मग घरी गेल्यावर ते ज्ञान कुठे जातं? खुंटीला टांगतोस?

एखाद्या न शिकलेल्या माणसाने हे केलं असतं तर त्याला शेजारी बसवून समजावलं असतं. तुला काय समजवायचं? तुला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून केलंस. राग त्याचाच आहे.

एर्लिकिया कॅनिस काय करतो, सांग. नाही आठवत? मी सांगतो. तांबडी गोचीड कुत्र्याचं रक्त पिताना हा जंतू आत सोडते. तो पांढऱ्या पेशींच्या पोटात शिरून बसतो. डॉक्सिसायक्लीन सुरू झालं की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, भूक परत येते. ही सुधारणा खरी असते. पण ती एवढंच सांगते की औषध बरोबर निवडलंय. जंतू संपला असं ती सांगत नाही. तो प्लीहेत दडून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकतो. कुत्रा वरून धडधाकट दिसतो. आत प्लेटलेट घसरत असतात. मग एक दिवस नाकातून रक्त येतं. आणखी पुढे गेलं तर अस्थिमज्जाच हात टेकते. तेव्हा जगातलं कुठलंही औषध घेऊन धावलास तरी कुत्रा हाती लागेल याचा भरवसा नसतो.

गेल्या आठवड्यात वाघ्याच्या नाकातून रक्त आलं. तू काय म्हणालास? ‘ऊन लागलं. घोळणा फुटला असेल.’ आपल्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ ला टेकतो, देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत आपलं नाव येतं, म्हणून तुझ्या आळसाचं खापरही उन्हावरच फोडायचं? रक्त पाहिल्याबरोबर तुझ्या पोटात गोळा आला होता. तुला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून तर गुपचूप फळीवरून जुनी स्ट्रिप काढून तीन दिवस तीन गोळ्या दिल्यास. रक्त थांबलं. तूही थांबलास. २८ पैकी ९ गोळ्या, त्याही सलग नाहीत. याला उपचार म्हणतात?

मोहाखालचा पाला पेटवून, आग अर्धवट विझवून घरी निघून येणाऱ्या माणसाला तू काय म्हणतोस? दुपारी वारा सुटला आणि जंगल पेटलं की त्याला शिव्या घालायला तूच पुढे असतोस. मग स्वतःच्या अंगणात तू वेगळं काय केलंस?

आता सबबी. एकेक काढ. सगळ्या काढ.

‘पैसे नव्हते.’ खोटं. गोळ्या विकत घेतलेल्या होत्या. दोन कोऱ्या स्ट्रिप माझ्यासमोर पडल्यात. पैसे खर्चून झाले होते. फक्त रोज एकदा उठायचं बाकी होतं. तेवढं झालं नाही. आता पुन्हा रक्ततपासणी, प्लेटलेटची मोजणी, कदाचित सलाईन, कदाचित रक्त चढवणं. स्वस्तातलं सोडून महागातलं तू स्वतः ओढवून घेतलंस.

‘नागपूर लांब पडतं.’ नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याचा दवाखाना आहे, आणि गुंतागुंतीच्या आजाराला तिथेच जावं लागतं, हे मान्य. उमरेडमार्गे शंभरावर किलोमीटर आहे, हेही मान्य. पण गोळ्या पुढे चालू ठेवायला नागपूर कशाला हवं होतं? आणि इथला सरकारी दवाखाना? ‘ढोरांच्या दवाखान्यात कुत्रं कोण नेतं?’ तू ने! तिथले डॉक्टर काय फक्त शिंगं असलेल्या जनावरांचंच शिकून आलेत? लोक हसतील म्हणून तू गेला नाहीस. लोकांच्या हसण्याची किंमत वाघ्याने मोजायची?

‘गोळी घेतच नाही.’ घेईल कसा? तू दुधात चुरून देत होतास. डॉक्सिसायक्लीन आणि दूध यांचं जमत नाही. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लीनच्या जातीच्या औषधांना धरून ठेवतं, औषध पुरतं रक्तात उतरत नाही. हे रसायनशास्त्र तुला माहीत होतं. भाताचा लहान मुटका कर, त्यात गोळी दाब, आधी एक साधा मुटका दे, मग हा. वरून पाणी पाज. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. हे करायला किती वेळ लागतो? मोबाइलवर दोन रील बघून होतात तेवढाही नाही.

‘घरात प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने दिली.’ मग भिंतीवरचं कालनिर्णय कशाला आहे? दुधाचा हिशेब त्यावर लिहिता, गॅस कधी लागला ते लिहिता. गोळी दिली की त्या दिवसावर खूण करायची. जबाबदारी एकाची. सगळ्यांची म्हटली की कुणाचीच राहत नाही.

आणि गोळ्या ठेवल्या कुठे होत्यास? पत्र्याखालच्या फळीवर. ४६ अंशांत. औषधाच्या वेष्टनावर किती तापमानाखाली ठेवायचं ते छापलेलं असतं. वाचलंस कधी? घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा कुठली, हे तुझ्या आईला विचारलं असतंस तरी तिने सांगितलं असतं.

आता ती बाटली उचल. एप्रिलमध्ये रानडुकराने वाघ्याच्या मांडीत सुळा घुसवला. वरून भोक हरभऱ्याएवढं, म्हणून तुला जखम किरकोळ वाटली. सुळ्याची जखम कधीच किरकोळ नसते. वर भोक, खाली कातडी मांसापासून सुटून झालेला खिसा, आणि त्या खिशात माती, केस, जंतू. वरचं तोंड मिटलं, आत पू साचला. मांडी टरारून सुजली. तू काय केलंस? वरून फिनाईल ओतलंस आणि पोराचं सिरप पाजलंस.

विचारतो त्याचं उत्तर दे. पू साचलेल्या पोकळीत रक्त नीट पोचतं का? नाही. रक्त पोचत नाही तिथे रक्तातून जाणारं औषध कसं पोचणार? गळू आधी फोडावं लागतं, धुवावं लागतं, पू वाहायला वाट ठेवावी लागते. ते डॉक्टरांचं काम. अँटिबायोटिक त्यानंतर, त्याच्या जोडीला. तू मूळ काम सोडून बाटली ओतत बसलास. फिनाईलने जंतू मरतात, पण भरून येणारं नवं मांसही जळतं. वर कुत्रा ते चाटतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली असतीस, माशी बसू दिली नसतीस, तरी पुष्कळ होतं. त्यात अडाणीपणा दिसला असता का? उलट तेच शहाणपण होतं.

आणि सिरप! पावडरमध्ये पाणी घालून ढवळलं की ते साधारण आठवडाभर टिकतं, तेही फ्रीजमध्ये. तू दोन महिन्यांची बाटली काढलीस. त्यात औषधाचा जोर किती उरला होता, सांगता येईल? शुगर-फ्री सिरपात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, जीव जाऊ शकतो. लेबल वाचलंस? आणि मात्रा कशी ठरवलीस? ‘पोराला पाच मिली देतो, तेवढंच दिलं.’ पोराचं वजन आणि वाघ्याचं वजन एक आहे का? कुत्र्याच्या औषधाची मात्रा दर किलोला ठरते. घरात धान मोजायचा काटा आहे. वाघ्याला उचलून त्यावर उभा राहा, मग एकटा उभा राहा, वजाबाकी कर. चौथीतलं गणित आहे. तेवढंही केलं नाहीस.

‘शेजाऱ्याच्या कुत्र्याला हेच दिलं होतं, बरा झाला.’ शेजाऱ्याच्या कुत्र्याला काय झालं होतं? माहीत नाही. वाघ्याला काय झालं होतं? तेही जखमेच्या वेळी कुणाला विचारलं नाहीस. ताप सगळ्यांना सारखाच येतो रे. गोचिडीतून एर्लिकिया येतो, तसा बॅबेसियाही येतो. तो जंतू वेगळ्या कुळातला, त्याचं औषध वेगळं. हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद, ताप. बाहेरून दोन्ही सारखे दिसू शकतात. फरक कळतो रक्ताच्या थेंबाने, काचपट्टीने, सूक्ष्मदर्शकाने. तू शंभर काचपट्ट्या रंगवल्या असशील. तुला हे मी सांगायचं? पिल्लाला रक्ताची हगवण लागते तो पार्व्हो. डिस्टेंपर, रेबीज, हे सगळे विषाणू. त्यांना अँटिबायोटिक मारत नाही. पार्व्होत डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते फाटलेल्या आतड्यातून शिरणाऱ्या जंतूंसाठी. विषाणूला रोखते ती वेळेवर दिलेली लस. वाघ्याची लस कधी झाली? बघ, मान खाली गेली.

पावसात धानाच्या बांधीत वाघ्या तुझ्यासोबत उतरतो. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा त्या पाण्यात येतो. कुत्र्याचे डोळे पिवळे झाले, लघवी बिघडली, तर ते मूत्रपिंडांचं आणि यकृताचं दुखणं आहे. तेव्हा जुन्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या टाकून रोवणीला निघून गेलास तर कुत्रा जाईल. शिवाय हा आजार माणसालाही होतो. रोवणीत गुडघाभर पाण्यात कोण उभं असतं? तुझी आई. तुझी बायको.

पोराचं सिरप? ‘मेडिकलमध्ये मागितलं, मिळालं.’ मागितलं कुणी? स्ट्रिपच्या मागची उभी लाल रेघ बघ. बोट ठेव तिच्यावर. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून ती रेघ असते. तुला तर अक्षरही वाचता येतं. काही अँटिबायोटिक तर २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराला वहीत डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव लिहावं लागतं. देणाऱ्याची चूक आहेच. पण हात पुढे तू केलास. तिथे ‘पोरासाठी हवंय, चिठ्ठी नाही, चालेल ना’ असं विचारताना तुझा आवाज का खाली गेला? कारण तुला माहीत होतं.

आता उलट टोक गाठू नकोस. उद्यापासून मनाने महिना-महिना औषध चालवशील आणि ‘सर, पूर्ण कोर्स केला’ म्हणून मिरवशील. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गाला डॉक्टर तीन ते पाच दिवसांतच थांबवू शकतात. कातडीवरच्या वरवरच्या पुळ्या कित्येकदा क्लोरहेक्सिडीनच्या आंघोळीने जातात, गोळी लागतच नाही. खोल गेलेल्या कातडीच्या संसर्गाला आठवडे लागतात आणि मध्ये पुन्हा दाखवावं लागतं. एन्रोफ्लॉक्सॅसीनसारखं औषध वाढत्या पिल्लाच्या सांध्यांची कूर्चा बिघडवतं. एकाच औषधाने बरं वाटत नसेल तर पुवाचा नमुना घेऊन चकत्यांची तीच चाचणी करावी लागते, जी तू कॉलेजात केलीस. कधी सुरू करायचं, काय द्यायचं, कधी थांबवायचं, हे तिन्ही निर्णय तपासणाऱ्याचे. तुझ्याकडे एकच काम सोपवलं होतं: सांगितलेलं रोज देणं. तेवढ्या एका कामात तू चुकलास, आणि नको त्या तीन कामांत नाक खुपसलंस.

‘कुत्रंच तर आहे, सर.’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही.

भल्या पहाटे मोहफुलं वेचायला तुझी आई जंगलात जाते, तेव्हा तिच्या पुढे कोण चालतं? झुडपामागे वाघ आहे की अस्वल, ते आधी कुणाच्या नाकाला कळतं? ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ किती आणि माणसं किती जवळ राहतात, हे मी तुला सांगायला नको. तुझ्या घरची बाई सुखरूप परत यावी म्हणून जो जीव रोज पुढे जातो, त्याला रोजची एक गोळी द्यायला तुझ्याने होत नाही?

आणि प्रश्न एकट्या वाघ्याचाही नाही. डॉक्सिसायक्लीन काय फक्त एर्लिकियाला हुडकत फिरतं? कुत्र्याच्या कातडीवरचे, तोंडातले, आतड्यातले असंख्य जंतू त्याच माऱ्याखाली येतात. कच्चे मरतात, टिकतात ते वाढतात, आणि टिकण्याची युक्ती एकमेकांना देतात. प्लाझमिड शिकलास ना? तोच वाघ्या तुझ्या पोराच्या अंथरुणाशी झोपतो, त्याचे हात चाटतो. कुत्र्याच्या कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस माणसाच्या जखमेत जाऊ शकतो, माणसाचा कुत्र्याच्या. उद्या पोराच्या गुडघ्याला खरचटलं आणि डॉक्टरांचं पहिलं औषध लागू पडलं नाही, तर कुणाला दोष देशील? २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे मेली, असा अंदाज आहे. हे आकडे तुझ्या-माझ्यासारख्यांच्या घरांतूनच जमा होतात.

ढोराला दिलेलं औषध ढोरापाशी थांबत नाही, हे आपल्या भागाइतकं कुणी पाहिलंय? दुखण्यावर ढोरांना डायक्लोफेनॅक टोचलं. मेलेलं ढोर गिधाडांनी खाल्लं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर आकाश रिकामं झालं होतं. पलीकडे गडचिरोलीत उरलेल्या गिधाडांसाठी वनविभागाला उपाहारगृहं उभारावी लागली. एवढं डोळ्यांदेखत घडूनही तू म्हणतोस, दोन गोळ्यांनी काय होतं?

फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलीन शोधलं. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्याने त्याच तोंडाने बजावलं की अपुरी मात्रा घेणारा माणूस जंतूंना मारत नाही, त्यांना शिकवून तयार करतो. तेव्हा आपल्याकडे हे औषध मिळणंच मुश्कील होतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कुठे ते देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. त्याआधीची पिढी काट्याच्या जखमेने माणसं गमवायची. त्यांना औषध मिळालं नाही. तुला मिळालं, घरात आलं, फळीवर पडून राहिलं.

तू नालायक असतास तर मी एवढा वेळ घालवला नसता. बॅचमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात आधी जंतू ओळखणारा तू होतास. गावातले दहा जण कुत्र्याला, शेळीला काय द्यायचं म्हणून तुला विचारतात. तू जे करशील ते दहा घरांत होणार आहे. चुकलास तरी, नीट वागलास तरी.

तर आता ऐक. ते सिरप टाकून दे. फिनाईल फरशीसाठी ठेव. उरलेली एकही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नकोस; ती चालेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. वाघ्याला आज संध्याकाळीच ने. सावलीतून ने, पाणी सोबत घे, आणि नाकाला मार लागेल अशी ओढाताण करू नकोस. त्याचं रक्त सध्या लवकर थांबणार नाही. घरी आल्यावर गोचिडींचा बंदोबस्त कर. तांबडी गोचीड भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात, पोत्यांमागे अंडी घालते. एर्लिकिया एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. नुसतं कुत्र्याला औषध लावून घर तसंच ठेवलंस, तर पावसाळा संपेपर्यंत तू पुन्हा इथेच उभा असशील. गोचीड बोटाने चिरडायची नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची.

आणि डॉक्टरांसमोर खरं बोल. २८ सांगितल्या होत्या, सहा दिल्या. मग नाकातून रक्त आल्यावर मनाने तीन दिल्या. दुधातून दिल्या. तापलेल्या पत्र्याखाली ठेवल्या. मध्ये पोराचं सिरप पाजलं. एकही गोष्ट गाळू नकोस. ते रागावतील. ऐकून घे, तोंड वर करू नकोस. ‘पूर्ण कोर्स केला होता’ असं तिथे म्हणालास, तर त्यांना वाटेल औषधच लागू पडलं नाही. ते आणखी भारी औषध काढतील आणि तुझ्या खोट्यावर वाघ्याचा पुढचा सगळा उपचार उभा राहील.